सतरंजीवरची जागा

१० नोव्हेंबर २०२५
शिक्षकेतर कर्मचारी संघटना, विद्यापीठ उपकेंद्र, माजलगाव रोड

प्रति,
श्री. तानाजी सुंदरराव कातकडे, शिपाई (निलंबित),
मु. पो. धर्मापुरी, ता. परळी, जि. बीड

विषय : विभागीय चौकशीत बचाव सहायक घेण्याबाबत.

महोदय,

आपल्यावरील दोषारोपपत्राची प्रत संघटनेस मिळाली. दिवाळीच्या सुट्टीत बंद असलेल्या मुलींच्या वसतिगृहाचे कुलूप परवानगीशिवाय उघडणे, दोन विद्यार्थिनींना आत प्रवेश देणे, तसेच पुरुष कर्मचारी असून स्वतः आत वावरणे, असे आरोप आपल्यावर ठेवले आहेत. आरोप सिद्ध झाल्यास शिक्षा बडतर्फीपर्यंत जाऊ शकते. नियमाप्रमाणे आपली बाजू मांडण्यासाठी आपण एका सहकाऱ्यास बचाव सहायक म्हणून घेऊ शकता. संघटनेची सचिव या नात्याने मी ते काम करण्यास तयार आहे. सोबतच्या संमतीपत्रावर सही करून ते उलट टपाली पाठवावे.

आपली,
नीलम्मा केदारनाथ शेटे
सचिव

ता. क. वरचं टाइप केलेलं आहे, हे हाताने लिहितेय. सात वर्षांत आपण एकमेकांना फोन केला नाही, आणि आता लावायला गेले तर नंबरच बंद. म्हणून रजिस्टर पोस्ट. पोहोच पावतीवर सही केली नाहीत तर मी स्वतः धर्मापुरीला येईन. एसटीत माझं काय होतं ते तुम्हाला माहीत आहे, तेव्हा सही करा.


२४ नोव्हेंबर

तानाजीभाऊ,

पोहोच पावती आली. सही तुझीच आहे. म्हणजे पत्र मिळालं, वाचलंस, आणि मूग गिळून बसलास. 'तुम्ही' लिहून बघितलं, पण जमत नाही. ज्याला इतकी वर्षं ओवाळलं त्याला 'महोदय' म्हणताना माझं मलाच हसू आलं.

निलंबनात मुख्यालय सोडताना रीतसर अर्ज देऊन गेलास म्हणे. ते एक बरं केलंस, नाहीतर त्यांनी त्याचाही आरोप लावला असता.

परवा कार्यकारिणीची बैठक झाली. तुझा विषय मी काढला. बजरंग आता अध्यक्ष आहे, तुला कळलं असेलच. तो खुर्चीतून न हलता म्हणाला, "ज्यानं सतरंजी सोडली, त्याच्यामागं संघटना कावून धावंल? आदी गेटसभेत येऊन माफी मागू द्या. मग बघू."

नवीन भरतीची दोन माणसं बैठकीला होती, ती तोंडाकडे बघायला लागली. त्यांना मला पहिल्यापासून सांगावं लागलं. की आपल्यात धरण्यावर बसलेल्या माणसाने अध्यक्षाच्या शब्दाशिवाय सतरंजीवरून उठायचं नसतं. उठला तर त्याने सतरंजी सोडली. मग गेटसभेत सगळ्यांसमोर हात जोडेपर्यंत बंकटच्या टपरीवर त्याला कुणी चहाला हाक मारायची नाही. त्यांनी विचारलं, असला नियम केला कुणी? मी सांगितलं, ज्याची चौकशी चालू आहे त्यानेच. त्या धरण्याच्या आधी तो अध्यक्ष होता तेव्हा. बजरंगसकट सगळे हसले. मला हसायला आलं नाही.

तू माफी मागणार नाहीस हे मला ठाऊक आहे, आणि खरं सांगू, तू मागितलीस तरी माझा राग जाईल असं नाही. ते धरण्याचं साल दुष्काळाचं होतं. आपली मागणी एकच होती, की रोजंदारीवरच्या माणसांना कायम करा. आणि ऐन परीक्षेच्या सकाळी तू उठलास, हॉलचं कुलूप काढलंस, घंटा दिलीस. का, तर चकलांब्याकडची पोरं पेपरला आली होती, त्यांच्या मायबापांच्या टोळ्या उसाला निघाल्या होत्या, पेपर पुढे गेला असता तर ती पोरं परत आलीच नसती. सगळं खरं. पण तुझी घंटा वाजली आणि आपली माणसं एकेक करून उठली. आठवड्यात धरणं संपलं. रोजंदारीची सगळी माणसं ठेकेदाराच्या हाती गेली. छबुबाई तुझ्या शेजारी बसली होती भाऊ. ती अजून त्याच वसतिगृहात झाडू मारते, पण आता विजयसिंह ठेकेदाराची माणूस म्हणून. मी आजही म्हणते, तू चुकलास.

पण चुकलेल्या माणसाला असल्या घाण आरोपाखाली नोकरीवरून जाऊ द्यायचं, हे मला जमणार नाही. लोक मोबाइलवर काय काय फिरवतात ते मी तुला लिहिणार नाही. तुझं रिटायर व्हायचं वय आलंय. या वयात असं नाव लागलं तर धर्मापुरीत तुला पाराजवळ बसता येईल का?

सही कर आणि कागद पाठव. मी थकलेय रे. दिवसभर परीक्षा विभागात पोरांच्या तक्रारी, मग संघटनेच्या, घरी गेलं की केदारनाथांच्या. ते म्हणतात, "ह्या वयात लोकांची धुणी कशाला धुतीस?"

नीलम्मा


१२ डिसेंबर

तानाजीभाऊ,

संमतीपत्र मिळालं. सही आहे, तारीख आहे. सोबत एक ओळ नाही. 'अक्का, बरी आहेस का' एवढंसुद्धा नाही. असो. तुझी सही बघून मला बरं वाटलं हे मी लपवत नाही.

कामाला लागले आहे. बजरंगने संघटनेचं नाव वापरू दिलं नाही, म्हणून मी वैयक्तिक उभी राहतेय. हे तुला सांगायचं नव्हतं, पण तारखेला आलास की दिसेलच.

पहिल्यांदा चकलांब्याला गेले. ती राजनंदिनी, जी दोघींतली मोठी, तिच्या घराला कुलूप. शेजारची म्हातारी म्हणाली, "टोळी दसऱ्यालाच गेली बया. आता थेट उन्हाळ्यात येत्यात." मग कळलं की त्या पोरींना दिवाळीत जायला दुसरं दारच नव्हतं. सुट्टीत वसतिगृह बंद, आणि गावातलं घरही बंद. आपल्या जिल्ह्यातल्या वसतिगृहाला दिवाळीची सुट्टी कोणत्या शहाण्याने ठरवली कोण जाणे. निम्म्या पोरींचे आईबाप तेव्हा उसाच्या फडात असतात.

राजनंदिनी वसतिगृहातच आहे. तिला परीक्षा विभागात बोलावून घेतलं, म्हटलं, घाबरू नकोस, बस. तिने ओढणीचं टोक पिळत सांगितलं, "सर गेटच्या बाहेरच होते, मॅडम. आत आलेच न्हाईत. आत छबुमावशी होत्या." त्यापुढे विचारलं तर खाली बघत बसली. मी जास्त ताणलं नाही, लेकरू आहे.

पण मला हवं ते मिळालं. छबुबाई आत होती, म्हणजे तू आत पाय टाकला नाहीस हे तिने डोळ्यांनी बघितलंय. मुख्य घाण तर तीच आहे ना, की पुरुष माणूस मुलींच्या वसतिगृहात वावरला. ती तिच्या साक्षीने एका झटक्यात धुतली जाईल. कुलूप परवानगीशिवाय उघडलं, एवढं राहील. त्यावर कुणी बडतर्फ करत नाही.

तेव्हा बचावाची साक्षीदार म्हणून मी छबुबाईचं नाव देऊन टाकलं. शेवटची मुदत होती. तुला विचारून दिलं असतं, पण तू उत्तर देतोस कुठे?

या दिवाळीत भाऊबीजेला ताट काढलं होतं. लहान दीर आले होते, त्यांना ओवाळलं. ताटात सुपारी एक जास्त झाली. केदारनाथ म्हणाले, "ही कुणाची?" मी म्हटलं, चुकून पडली.

नीलम्मा


२ जानेवारी २०२६

तानाजी,

आज तुला भाऊ म्हणवत नाही. तुझं पोस्टकार्ड आलं. सात वर्षांनी तू मला तीन शब्द लिहिलेस : 'छबुबाईचं नाव काढ.'

कार्ड हातात होतं आणि दारात छबुबाई उभी. साक्षीची नोटीस तिला ठेकेदारामार्फत गेली होती. विजयसिंहने नोटीस हातात देताना तिला विचारलं म्हणे, "कशाची साक्ष गं? तुला काय ठावं?" ती तिथून सरळ माझ्या घरी आली. पाणी दिलं ते प्याली नाही. म्हणाली,

"ताई, कुलूप मी उघडलं."

मी म्हटलं, काय बोलतेस?

"सुट्टीत झाडायपुसायला म्हून रेक्टर मॅडमनी एक चावी माज्याकडं ठिवली व्हती. दुपारच्या पारी पोरी दोनी बॅगा घिऊन गेटावर हुब्या. घराला कुलूप, मायबाप उसाला. कुटं जातील? ष्ट्यांडावर बसतील? म्या म्हनलं, चला आत."

"आणि तानाजी?"

"त्ये गेटावर ड्युटीला व्हते. मला म्हनले, छबुबाई, इचारून उघडा. म्या म्हनलं, इचारायला हाय कोन, समदे दिवाळीला गेले. मग त्येंनी बंकटच्या टपरीवरनं वडापाव आनला आन जाळीतनं पोरीस्नी दिला. आत पाय न्हाई टाकला."

"मग तो पुढे का झाला?"

"दुसऱ्या दिशी संचालक साहेब आले, कुलूप कोनी काडलं म्हून वरडायला लागले. मी तोंड उघडायच्या आदी ह्येच म्हनले, मी काडलं साहेब. माज्याकडं बघितलं बी न्हाई."

सगळं एकदम समजलं, आणि समजल्यावर तुझा असा राग आला की समोर असतास तर पोस्टकार्ड तुझ्या अंगावर फेकलं असतं. हे मला सांगायला काय झालं होतं? नोव्हेंबरात एक ओळ लिहिली असतीस तर मी तिचं नाव दिलं असतं का? तू गप्प, म्हणून मी आपली शहाणी अंदाजाने पुढे गेले. नोटीस ठेकेदाराच्या हातून गेली. आता त्याच्या मनात किडा वळवळतोय.

तू का केलंस ते मला कळतं. कायम माणसावर आरोप आला तर त्याला दोषारोपपत्र मिळतं, चौकशी होते, बचाव सहायक मिळतो. ठेक्याच्या बाईला फक्त फोन येतो, की उद्यापासून येऊ नका. तुला वाटलं, आपल्याला निदान बोलायला तरी मिळेल, तिला तेही नाही. आणि तुझ्या घंटेमुळे ती ठेक्यावर गेली, हे तुझ्या मनातून गेलेलं नाही. खरं की नाही?

आता सांग मी काय करू. तिला साक्षीला उभी केली तर त्यांची बाजू मांडणारा सादरकर्ता अधिकारी पहिलाच प्रश्न विचारणार, की कुलूप कुणी उघडलं. ती खोटं बोलणार नाही. तू सुटशील आणि ती जाईल. नाही उभी केली तर ती राहील आणि तू जाशील, वर ते घाणेरडं नाव कायमचं चिकटेल. दोघंही माझीच माणसं आहात. एवढी वर्षं संघटना केली ती हे निवडायला केली का?

तिला मी म्हटलं, तू आता घरी जा, मी बघते. ती म्हणाली, "काय बघनार ताई?"

नीलम्मा


२१ जानेवारी

तानाजीभाऊ,

काल चौकशी संपल्यावर तू मागच्या दाराने निघून गेलास. पुढच्या दाराला छबुबाई उभी होती म्हणून, की माझ्याशी बोलावं लागेल म्हणून, ते तुझं तुला माहीत. पण तू गेल्यावर काय झालं ते तुला कळायला पाहिजे.

तू माझ्या शेजारच्या खुर्चीत बसलास तेव्हा मी बघितलं, वाळलायस खूप. शर्टाची कॉलर गळ्याभोवती सैल झालीय. चौकशी अधिकाऱ्यांनी "बचावाचे साक्षीदार" म्हणून हाक दिली आणि मी उठून म्हणाले, "हा साक्षीदार आम्ही वगळत आहोत." तू हळूच मान हलवलीस. बस्स, त्या एका क्षणी मला वाटलं, आपण पुन्हा पहिल्यासारखे झालो. तुला सांगते, माझे डोळे भरून आले होते, कागद चाळण्याचं सोंग करून मी खाली बघितलं.

बाहेर आले. छबुबाई सकाळपासून व्हरांड्यात पायरीवर बसलेली. नवं लुगडं नेसून आली होती. मी म्हटलं, झालं छबुबाई, तुला बोलावणार नाहीत आता, जा निवांत. मला वाटलं ती पाया पडेल. काय बाई तरी मी.

ती उठली आणि म्हणाली, "कोनी ठरवलं?"

मी म्हटलं, तानाजीची पण तीच इच्छा होती.

"म्हंजी तुमी दोघांनी ठरवलं. मला कुनी इचारलं?" आवाज चढलेला नव्हता. व्हरांड्यातली चार माणसं मात्र थांबली. "त्या टायमाला बी तुमीच ठरवलं. बसा म्हनले, बसले. सतरंजीवर समद्याच्या पुडं मला बसवलं, पेपरात फोटू यावा म्हून. मग ह्ये उठले, तुमी समदे उठले, मला कुनी म्हनलं बी न्हाई की छबुबाई, आमी उठतोय. शेवटच्या दिशी मी एकलीच बसून व्हते दिस बुडंपातर."

मी म्हटलं, अगं, तुझी नोकरी जाईल म्हणून तर.

"जाईल तर माजी जाईल. त्या मानसावर माजा लई राग हाय ताई. म्हून तर मला त्येचा उपकार नको. मी पोरीस्नी आत घेतलं त्यात चोरी न्हाई केली. मग त्ये सांगायची मला लाज कावून? तुमी दोघांनी मिळून मला पुन्ना भाईर बसवलं."

एवढं म्हणून ती गेली. टपरीवर बंकटने चहाचा कप पुढे केला तोही घेतला नाही.

भाऊ, मी काल रात्रीपासून तेच ऐकतेय. आपण दोघांनी तिच्यासाठी एवढं केलं असं आपल्याला वाटत होतं. तुझ्या त्यागाला हात लावू नये म्हणून मी तुझी केस बुडवली, आणि तिला ते दोघांनी मिळून केलेल्या अपमानासारखं वाटलं. तिचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. तुला येतं का?

नीलम्मा


६ फेब्रुवारी

तानाजीभाऊ,

सगळं सांगते, मध्ये अडवू नकोस. तसा तू कधी अडवतोस म्हणा.

छबुबाई चौकशी अधिकाऱ्यांकडे एकटी गेली. कुणाला सांगितलं नाही, कुणाला सोबत घेतलं नाही. तिने त्यांना सांगितलं की कुलूप मी काढलं, पोरींना मी घेतलं, शिपाई बाहेर होता. त्यांनी राजनंदिनीला बोलावलं, तिनेही तेच सांगितलं. रेक्टर मॅडमनी चावी दिल्याचं कबूल केलं, त्या करतील असं मात्र मला वाटलं नव्हतं. म्हणजे तुझ्यावरचे आरोप पडले. वरिष्ठांना खोटं सांगून दिशाभूल केली म्हणून ठपका ठेवतील, तेवढा खा. निलंबन मागे घ्यायची टिपणी वर गेलीय. तुझं नाव धुतलं गेलं आणि ते मी धुतलं नाही, तुझ्या त्यागानेही धुतलं नाही. तिने धुतलं.

दुसऱ्याच दिवशी विजयसिंहचा तिला फोन आला. "उद्यापासून येऊ नका." ज्याची आपण तिघं वाट बघत होतो तोच.

मी बैठक बोलावली. म्हटलं, छबुबाईसाठी संघटनेने उभं राहायचं. बजरंग म्हणाला, "ती सभासद हाय का?" मी म्हटलं, नाही, कारण ठेक्याच्या माणसाला सभासद करून घ्यायचं आपल्या घटनेत नाही. "मग संपलं की." मी म्हटलं, मग घटना बदला. हात वर करायला सांगितले. माझा धरून थोडेच वर झाले, त्यात बंकट चहा द्यायला आला होता त्याने पण वर केला. बाकीचे मोबाइलमध्ये बघत होते. वाईट माणसं नाहीत ती. थकलेली आहेत, माझ्यासारखीच. आपल्या ताटातलं कुणी काढून घेईल याची भीती.

मी सचिवाचा शिक्का टेबलावर ठेवून आले. केदारनाथांना त्यांच्या दुकानात जाऊन सांगितलं. मला वाटलं सुटलीस एकदाची म्हणतील. ते दुकानाचं शटर ओढताना म्हणाले, "आता बिनशिक्क्याची भांडशील, एवढंच." माणूस ओळखून आहे मला.

सतरंजी माझ्याच कपाटामागे होती. बजरंग न्यायला आला, संघटनेची आहे म्हणाला. मी म्हटलं, माजलगावच्या मोंढ्याच्या बाजारातून ती डोक्यावर घेऊन कोण आलं होतं ते आधी आठव. तो गेला. एका कोपऱ्याला कसर लागलीय, पण चालेल.

१६ तारखेला, सोमवारी सकाळी गेटवर बसतोय. छबुबाई आणि मी. छबुबाईला कामावर परत घ्या, एवढीच मागणी आहे. मी रजा टाकलीय. ही कल्पना माझी नाही. मी तिला विचारायला गेले होते, की छबुबाई, तुझ्यासाठी काय करू. ती म्हणाली, "माज्यासाटी काय करू नका. मी बसनार हाय. तुमाला बसायचं आसंल तर या." त्यातून काही होईल असं मला वाटत नाही. पहिल्यासारखा जोर नाही राहिला अंगात, गुडघे तर जमिनीवर बसलं की उठू देत नाहीत.

तू ये असं मी म्हणत नाही. तुझं निलंबन अजून कागदावर उठलेलं नाही, गेटवर दिसलास तर ती टिपणी कुणी फाडूनही टाकेल. घरी बसलास तर कुणी नावं ठेवणार नाही, उलट शहाणा म्हणतील. पण तिला मी विचारलं होतं, तानाजीला कळवू का. ती म्हणाली, "कळवा. पर माफी मागायला आला तर मी उठून जाईन. बसायचं आसंल तर बसावं."

तेच कळवतेय. परळीहून तेलगावमार्गे पहिली गाडी धर.

तुझी,
अक्का


सोमवार, गेटवर

तानाजीभाऊ,

हे पोस्टात पडणार नाही. तू माझ्यापासून दोन हातांवर बसलायस, चपला व्यवस्थित जोडीने बाहेर काढून, पार कडेला, कसर लागलेल्या कोपऱ्यात. आल्यापासून तू बोलला नाहीस आणि मीही बोलले नाही. बोलायची सवय गेली आपली. पत्राची तेवढी लागलीय, म्हणून मांडीवर कागद घेऊन लिहितेय आणि लिहून झालं की तुझ्याकडे सरकवणार आहे.

तू गाडीतून उतरून रस्ता ओलांडलास तेव्हा छबुबाईने तुला माझ्याआधी बघितलं. मला वाटलं तोंड फिरवेल. ती म्हणाली, "आले का. बसा म्हनावं. पर पुडं कोन बसायचं त्ये आज मी सांगनार." मग स्वतः उठून पुढे जाऊन बसली. फोटो काढायला कुणी आलेलं नाही. बंकटने मघाशी तीन कप चहा आणला. मोजून तीन. त्याने तुझ्या हातात कप दिला तेव्हा बजरंग खिडकीतून बघत होता, ते मला दिसलं. राजनंदिनी क्लासला जाताना गेटाशी जरा घुटमळली. तिला म्हटलं, जा, तास बुडवू नकोस.

आत हॉलमध्ये परीक्षा चालू आहे. आता थोड्या वेळात घंटा होईल. दुसरा कुणीतरी देईल. तू आपला बसून राहा.

मला खूप काही लिहायचं होतं, पण आता तू इथे आहेस तर ते राहू दे. बरं वाटतंय, एवढंच. ऊन फिरलंय बघ, गुलमोहराची सावली सगळी तुझ्याकडे आली. जरा सरक, छबुबाईला बसू दे सावलीत. आणि सरकताना तिला विचार, येतेस का इकडे म्हणून. न विचारता जागा करू नकोस.